झेरॉक्सच्या दुकानातलं एन्क्रिप्शन

मीरा-भाईंदरमधल्या काशीगावात कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात शिरा, भिंतीवर दोन गोष्टी ठळक दिसतील: दरपत्रक आणि एक मोबाइल नंबर. गिऱ्हाईक विचारतं, ‘दादा, कुठे पाठवू?’ दुकानदार मान वर न करता नंबराकडे बोट दाखवतो. मग आधार, पॅन, मुलाच्या शाळेचा दाखला, लिव्ह अँड लायसन्सचा करार, पोलीस पडताळणीचा अर्ज असं काय काय त्या नंबरावर जातं, दुकानातल्या संगणकावरच्या व्हॉट्सॲप वेबमध्ये उतरतं आणि दोन मिनिटांत कागद हातात पडतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या या वस्तीत भाड्यानं राहणारी कुटुंबं खूप. दर अकरा महिन्यांनी करार नवा, म्हणजे कागदपत्रांची फेरीही नवी.

गिऱ्हाइकाच्या फोनातून निघताना ती आधारची फाइल एन्क्रिप्ट झालेली असते. वाटेत ती मोबाइल कंपनीला वाचता येत नाही, खुद्द व्हॉट्सॲपलाही नाही. जगातल्या उत्तम गणितज्ञांची बुद्धी तिच्या रक्षणाला लागलेली असते. प्रवास संपतो तिथे मात्र ती ‘डाउनलोड्स’च्या फोल्डरमध्ये, आधी आलेल्या सगळ्या आधार कार्डांच्या शेजारी, उघडीच पडून राहते.

आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयानं २७ मे २०२२ रोजी एक पत्रक काढलं होतं. आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, फक्त शेवटचे चार अंक दिसणारं ‘मास्क्ड आधार’ वापरा, सायबर कॅफेतल्या सार्वजनिक संगणकावर आधार डाउनलोड करू नका, असा त्याचा आशय. गदारोळ झाला आणि गैरसमज होण्याची शक्यता आहे, असं सांगत दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आलं. सल्ला मुळात चुकीचा नव्हता. पण हॉटेलपासून सोसायटीच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे ज्या देशात झेरॉक्स मागतात, तिथे तो पाळायचा कसा, याचं उत्तर पत्रकात नव्हतं.

खासगी संदेशांची सुरक्षा नेमकी इथे अडते. आपल्याकडचा वाद गेली दहा वर्षं ‘एन्क्रिप्शन असावं की नसावं’ याच खुंटीला टांगलेला आहे. ते कुणाच्या फोनवर चालतं, किती खटपटीनंतर चालतं आणि कुठे येऊन संपतं, याकडे ना सरकारचं लक्ष आहे, ना कंपन्यांचं. वापरायला अवघड असलेली सुरक्षा माणसं बाजूला ठेवतात. त्यात त्यांचा आळस कमी आणि आखणाऱ्याचा दोष जास्त असतो.

हे शहाणपण जुनं आहे. ऑगस्त केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकानं १८८३ साली लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना सहा अटी घातल्या. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, ही अट जगप्रसिद्ध झाली. सहावी अट फारसं कुणी सांगत नाही: पद्धत वापरायला सोपी हवी, तिच्यासाठी नियमांची लांबलचक यादी पाठ करावी लागू नये. पुढे १९९९ मध्ये ॲल्मा व्हिटन आणि डग टायगर या अमेरिकी संशोधकांनी बारा जणांना पीजीपी हे ईमेल गुप्त करणारं सॉफ्टवेअर देऊन दीड तास बसवलं. माणसं शिकलेली, ईमेल रोज वापरणारी. त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश जणांना संदेश नीट एन्क्रिप्ट करून, सही करून पाठवता आला. तिघांनी तर गुपित उघड्या ईमेलनंच पाठवून दिलं. सॉफ्टवेअरच्या गणितात खोट नव्हती.

व्हॉट्सॲपनं ५ एप्रिल २०१६ रोजी सगळ्या संदेशांना एंड-टु-एंड एन्क्रिप्शन लावलं तेव्हा त्याचे वापरकर्ते शंभर कोटींवर गेले होते. कुणालाच काही शिकावं लागलं नाही, बटण दाबावं लागलं नाही, पासवर्ड लक्षात ठेवावा लागला नाही. सकाळी ‘सुप्रभात’चं फूल पाठवणाऱ्या आजोबांचं फूलही त्या दिवसापासून गुप्त झालं. पीजीपीला पाव शतकात जे साधलं नाही ते इथे झालं, कारण वापरणाऱ्याकडून काहीच मागितलं नव्हतं.

आता २८ नोव्हेंबर २०२५चा आदेश पाहू. दूरसंचार विभागानं व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टाई, स्नॅपचॅट, शेअरचॅट, जिओचॅट आणि जोश यांना सांगितलं की, ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चाललं पाहिजे आणि वेबवरचं सत्र जास्तीत जास्त सहा तासांनी बंद होऊन पुन्हा क्यूआर कोड स्कॅन करावा लागला पाहिजे. त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. कारणही दिलं: भारतीय नंबरांवर उघडलेली खाती परदेशात बसून, सिमशिवाय चालवली जातात आणि त्यांतून ‘डिजिटल अरेस्ट’सारखे गुन्हे होतात.

कारण खरं आहे, ते झटकून टाकता येणार नाही. निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी एका व्हिडिओ कॉलवर गेल्याच्या बातम्या आठवड्याला येतात. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं सिम बांधण्याच्या कल्पनेचं स्वागत केलं, तर इंटरनेट कंपन्यांचा भरणा असलेल्या ब्रॉडबँड इंडिया फोरमनं त्यावर आक्षेप घेतला. दोघांनाही आपापलं हित आहे, हे वेगळं सांगायला नको. झेरॉक्सवाल्याच्या बाजूनं मात्र या भांडणात कुणी बोलत नाही.

सहा तासांची किंमत कळायला थोडं तंत्र समजून घ्यावं लागेल. २०१५ साली आलेलं व्हॉट्सॲप वेब हा फोनचा नुसता आरसा होता. फोन बंद पडला की वेबही बंद, कारण संदेश उलगडण्याची किल्ली एकट्या फोनकडे. जुलै २०२१ मध्ये कंपनीनं नवी रचना आणली. प्रत्येक उपकरणाला स्वतःची किल्ली, पाठवणाऱ्याचा फोन प्रत्येक उपकरणासाठी संदेश वेगळा एन्क्रिप्ट करणार आणि मुख्य फोन बंद असला तरी जोडलेली चार उपकरणं चौदा दिवस चालणार. सर्व्हरला काहीही न कळू देता हे जमवणं अतिशय अवघड होतं. अभियंत्यांची काही वर्षं त्यात गेली. आदेशानं ते चौदा दिवस सहा तासांवर आणले. सकाळी दहाला उघडून रात्री दहाला मिटणाऱ्या दुकानात मालक माल आणायला भाईंदरला गेला आणि मधेच सत्र संपलं, तर काउंटरवरच्या पोरानं करायचं काय? तो गिऱ्हाइकाला म्हणेल, ‘तुमचंच व्हॉट्सॲप इथे उघडा.’ किंवा ईमेलचा पासवर्ड टाकायला सांगेल, किंवा पेनड्राइव्ह मागेल. तिन्ही वाटा आधीपेक्षा वाईट.

यात आणखी एक मेख आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ‘घोस्टपेअरिंग’ नावाच्या फसवणुकीबद्दल सर्ट-इन या सरकारी सायबर संस्थेनं इशारा दिला. यात चोर पासवर्ड फोडत नाही, सिमची नक्कल करत नाही. तो काही तरी निमित्त काढून वापरणाऱ्याकडूनच आपलं उपकरण त्याच्या खात्याला जोडून घेतो. सहा तासांचा नियम अशा चोराला बाहेर काढेल, हे आदेशाच्या बाजूनं मान्य केलं पाहिजे. पण दिवसातून दोन-तीनदा कोड स्कॅन करायची सवय लागलेला माणूस चौथ्यांदा विचार करेल का? एरवी ‘उपकरण जोडा’ अशी सूचना आली की दचकायला होतं. ती रोजचीच झाली की दचकणंही जातं. याऐवजी अनोळखी संगणक किंवा परदेशातलं ठिकाण दिसलं तरच लगेच सत्र तोडता येतं. जोडलेल्या उपकरणांची यादी सेटिंगच्या तळाशी दडवण्याऐवजी मराठीत, मोठ्या अक्षरांत, दर आठवड्याला समोर आणता येते.

सिम बांधण्याचं ओझंही सारखं वाटलं जाणार नाही. सिम फोनमध्येच असेल तर रोमिंगवर अडचण नाही, असं विभागाचं म्हणणं आहे. पण दुबईत किंवा न्यू जर्सीत स्थानिक सिम घालून भारतातल्या नंबरावर व्हॉट्सॲप वापरणारी मुलं मराठी घरांत थोडी नाहीत. त्यांचं भारतातलं सिम इथल्या कपाटात, आईच्या बांगड्यांच्या डब्यात असतं.

गुन्ह्यांचं म्हणाल, तर मीरा-भाईंदरला त्याचा धडा आधीच मिळालेला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं आणि त्यांतल्या ७० जणांना अटक केली. ही मुलं अमेरिकेतल्या लोकांना फोन करून, आपण तिथल्या कर खात्यातून बोलतोय, असं सांगत. कर थकलाय, अटक होईल, असा धाक घालत आणि गिफ्ट कार्डांच्या रूपानं पैसे उकळत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्यानं अशाच प्रकारांबद्दल ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवले. आजच्या डिजिटल अरेस्टची सगळी संहिता तिथे लिहून तयार होती: सरकारी हुद्दा, अटकेची भीती, फोन ठेवू न देणं. एन्क्रिप्टेड ॲपची गरज कुठेच पडली नव्हती. साधे इंटरनेट कॉल पुरले.

तांत्रिक बंदोबस्ताऐवजी वापराच्या रचनेतला छोटा बदल किती काम करतो, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि ते वेदनादायक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडून आलेले भिक्षेकरी होते. मोबाइलवरच्या अफवांनी गावोगावी आधीच भीती पेरलेली होती. देशभर अशा घटना घडत होत्या आणि सरकार व्हॉट्सॲपला जाब विचारत होतं. संदेशाचा मूळ लेखक शोधून द्या, ही मागणी तेव्हापासून जोर धरू लागली. ती २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत उतरली, व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलांनी सांगून टाकलं की, एन्क्रिप्शन तोडायला लावलंत तर व्हॉट्सॲप इथून जाईल.

२०१८च्या त्याच जुलैत कंपनीनं एक गोष्ट केली, तिची चर्चा मात्र फार कमी झाली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढून टाकलं. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. कंपनीच्या सांगण्यानुसार फॉरवर्डचं प्रमाण चतुर्थांशानं घटलं. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केल्यावर तशा संदेशांत ७० टक्के घट झाली. आकडे कंपनीचेच आहेत, त्यामुळे मिठाचा खडा हाताशी ठेवावा. तरी कुणाचाही संदेश न वाचता, कुठलीही किल्ली न मागता, निव्वळ एक बटण हलवून एवढं होतं. ते राईनपाड्याच्या आधी का हललं नाही, हा प्रश्न कंपनीला आजही विचारण्यासारखा आहे.

कंपन्यांना सोयीच्या बाबतीत धुतल्या तांदळासारखं मानायचं कारण नाहीच. बॅकअपचंच उदाहरण घ्या. २०२०च्या सप्टेंबरात सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या तपासात चित्रपटसृष्टीतल्या लोकांचे तीन वर्षांपूर्वीचे चॅट वाहिन्यांवर झळकले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या टीआरपी प्रकरणातल्या चॅटची शेकडो पानं समाजमाध्यमांवर फिरली. ‘व्हॉट्सॲप फुटलं’ अशी हाकाटी दोन्ही वेळा झाली. एन्क्रिप्शन फुटलेलं नव्हतं. फोन हाती आला की त्यातलं जुनं सगळं हाती येतं, आणि तेव्हा क्लाउडवरच्या बॅकअपला एंड-टु-एंड संरक्षण नव्हतंच. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, पण ऐच्छिक म्हणून, सेटिंगच्या आत तीन पायऱ्या उतरून. सोबत पर्याय दिला तो पासवर्डचा किंवा ६४ अंकी किल्लीचा. ६४ अंक! केर्कहॉफ्सनं कपाळाला हात लावला असता. बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्यानं हे काम व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं.

झेरॉक्सवाल्याच्या कामाची सोयही व्हॉट्सॲपमध्ये आहे, फक्त त्याला ती कुणी दाखवलेली नाही. प्रत्येक नव्या चॅटमधले संदेश २४ तासांनी आपोआप पुसले जावेत, असं एकदाच ठरवून ठेवता येतं. दुकानदारानं ते केलं आणि रात्री डाउनलोड्सचं फोल्डर रिकामं केलं, तर काशीगावातली कितीतरी आधार कार्डं सुखरूप राहतील. महापालिकेनं आणि पोलिसांच्या सायबर शाखेनं जनजागृतीच्या फलकांवर ‘सावध राहा’ लिहिण्याऐवजी ही दोन पावलं चित्रांसकट छापून दुकानांत चिकटवावीत. खर्च अगदी किरकोळ आहे.

‘मग दुसरं ॲप घ्या ना’ हा सल्ला देणाऱ्यांनी जानेवारी २०२१ आठवावा. व्हॉट्सॲपच्या नव्या गोपनीयता धोरणामुळे लोक बिथरले, इलॉन मस्कनं ‘सिग्नल वापरा’ असं दोन शब्दांत सांगितलं, कंपनीला भारतीय वृत्तपत्रांत पहिल्या पानावर जाहिराती द्याव्या लागल्या. घरोघरी सिग्नलवर ‘फॅमिली’ ग्रुप निघाले. १५ जानेवारीला गर्दीनं सिग्नलच कोलमडलं. पुढे महिन्याभरात बहुतेक काका-मावश्या जुन्या घरी परतल्या, कारण दूधवाला, शाळेचा ग्रुप आणि सोसायटीचे सेक्रेटरी तिथेच होते. सिग्नलवर तर फोन बदलला की जुने संदेश गमावायची वेळ अनेकांवर येई. सोपा क्लाउड बॅकअप मिळायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. टेलिग्राम याच्या उलट टोकाला. कुठल्याही उपकरणावर उघडा, सगळं तयार. त्याचं कारण असं की नेहमीचे चॅट एंड-टु-एंड एन्क्रिप्टेड नसतातच, ते कंपनीच्या सर्व्हरवर असतात. ‘सीक्रेट चॅट’ वेगळे उघडावे लागतात, ते ग्रुपमध्ये चालत नाहीत आणि ज्या फोनवर सुरू केले त्याच फोनवर राहतात. टेलिग्राम म्हणजे सर्वांत गुप्त, असं मानणारे मराठी वाचक अजून भेटतात.

झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टाईनं २०२५च्या सप्टेंबरात मोठी झेप घेतली. दिवसाला तीन हजार नोंदण्या होत होत्या, त्या तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेल्या, असं झोहोच्या श्रीधर वेंबूंनी सांगितलं. साधा फोन, मंद नेटवर्क, अगदी अँड्रॉइड टीव्हीवरही चालणारं हे ॲप आहे, म्हणजे सोयीचा विचार पहिल्यापासून होता. उणीव दुसरीकडे होती: कॉल एन्क्रिप्टेड, पण मजकुराचे संदेश नाहीत. ती उणीव भरायला नोव्हेंबर लागला. तोवर स्वदेशीच्या लाटेत आलेल्या लोकांनी आपलं खासगी बोलणं त्या मोकळ्या वाटेनंच पाठवलं.

ॲप बदलणं हा उपाय व्हायचा असेल, तर एका ॲपमधून दुसऱ्यात संदेश जाता आला पाहिजे. एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागतो तसा. युरोपनं डिजिटल मार्केट्स कायद्यानं व्हॉट्सॲपला हे करायला लावलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बर्डीचॅट आणि हायकेट ही दोन छोटी ॲप पहिल्यांदा त्याच्याशी जोडली जाणार, असं जाहीर झालं. भारतात स्पर्धा आयोगानं २०२१च्या धोरणावरून मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला, पण ॲपमधल्या भिंतींना हात लावला नाही. पन्नास कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या देशानं ही मागणी युरोपपेक्षा जोरात करायला हवी होती.

आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर फोनच उरत नाही. जिओफोन जुलै २०१७ मध्ये जाहीर झाला: दीड हजाराची परत मिळणारी अनामत, बटणांचा फोन, आत कायओएस. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं, तेही एन्क्रिप्शनसकट. इमारतीचा वॉचमन, घरकामाला जाणाऱ्या ताई, गावाकडची म्हातारी माणसं यांच्या हाती पहिल्यांदा असं साधन आलं, जे बड्या माणसांच्या आयफोनइतकंच गुप्त होतं. पुढे दहा कोटी जिओफोन विकले गेल्याचा कंपनीचा दावा होता. २५ जून २०२४ पासून कायओएसवर व्हॉट्सॲप नव्यानं उतरवणं बंद झालं आणि २०२५च्या सुरुवातीला जुन्यांचंही बंद झालं. १ जानेवारी २०२५ला अँड्रॉइड किटकॅट गेलं, मे महिन्यात जुने आयफोन गेले. जुन्या फोनना सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, त्यांवर नवं एन्क्रिप्शन पेलवत नाही, हे तांत्रिक कारण बरोबरच आहे. पण ते सांगितलं जातं ते फोन घेऊन झाल्यावर. आयफोन सहा वाला नवा फोन घेतो. जिओफोनवाली बाई साध्या एसएमएसवर परतते, जो मोबाइल कंपनीला वाचता येतो.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून फोन बनवणाऱ्या कंपनीला त्या उपकरणाला सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात. ज्या दूरसंचार विभागाला ९० दिवसांत जगातल्या बड्या कंपन्यांना सिमशी बांधता येतं, त्यानं केंद्रातल्या इतर खात्यांना सोबत घेऊन भारतात विकल्या जाणाऱ्या फोनच्या खोक्यावर, किमतीच्या शेजारी, अपडेटची शेवटची तारीख देवनागरीत छापून घ्यावी. सुरुवात दहा हजारांखालच्या फोनांपासून करावी.